मिरग, महापूर आणि मुसी

मृग नक्षत्रावर कविता लिहिणारा मुस्लिम बादशाह होऊन गेला, असं वर्गात सांगितलं की उर्दू माध्यमाची मुलं आधी हसतात. मृग म्हणजे त्यांच्या लेखी मराठीच्या पुस्तकातली आणि शेतकऱ्यांच्या पंचांगातली गोष्ट. पण गोवळकोंड्याचा पाचवा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह (कारकीर्द 1580 ते 1612) याच्या कुल्लियातमध्ये ‘मिरग’ आहे. तो आपलाच मृग. वसंत आहे, ‘थंडकाला’ म्हणजे आपला थंडीचा काळ आहे, ईद आहे, शब-ए-बरात आहे, फळं आणि भाज्यासुद्धा आहेत. 1591 मध्ये हैदराबाद वसवणारा हाच बादशाह. डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी 1940 मध्ये त्याचा कुल्लियात संपादित करून छापला, तेव्हा उर्दूच्या पहिल्या दीवानवाल्या शायराला मृगाचा पाऊस ठाऊक होता हे उत्तरेकडच्या अनेक उर्दूवाल्यांनाही नवंच होतं.

भाषा दखनी. या दखनीत आपल्या मराठीतला ‘च’ जसाच्या तसा बसलेला आहे. आमच्या लातूर-उदगीरकडच्या घरांत आजही तो बोलला जातो. मी एका तासाला उर्दू आणि दुसऱ्या तासाला मराठी शिकवतो. दोन्ही तासांमध्ये हा एक ‘च’ ये-जा करतो, आणि मला तो फार आवडतो.

हे सगळं आठवण्याचं कारण जरा कडवट आहे. मध्यंतरी एका शिक्षक प्रशिक्षणात ‘साहित्य आणि पर्यावरण’ असा विषय होता. मार्गदर्शक म्हणाले, मराठीत शेत आहे, रान आहे, नदी आहे. उर्दूत मात्र गुल, बुलबुल आणि शराब. धरणं झाली, कारखाने आले, नद्या मेल्या, उर्दू कवीला पत्ता नाही. सभागृहात उर्दूचे आम्ही तिघे-चौघेच होतो. चहाच्या वेळी मी त्यांना मुहम्मद कुलीचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, “ते जुनं झालं हो, पुढचं सांगा.” टोमणा होता, पण प्रश्न रास्त होता. पुढे काय झालं? एकाच नदीला धरून मी त्याचं उत्तर शोधू लागलो. ती नदी म्हणजे मुसी, मुहम्मद कुलीच्या शहरातली.

आधी मृगाचं काय झालं ते पाहू. 1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. राजाश्रय गेला, दखनीची पत घसरली. 1700 च्या सुमारास वली औरंगाबादी दिल्लीला गेला आणि त्याच्या गझलेने दिल्ली जिंकली, असं आपण अभिमानाने शिकवतो. सौदा दोन्ही बाजूंनी झाला होता, एवढं मात्र सांगत नाही. दिल्लीला दखनेची गझल मिळाली आणि दखनेला दिल्लीची जबान. हळूहळू मिरग, मांडवा, ओढा असे शब्द ‘गावंढळ’ ठरले. त्यांच्या जागी नर्गिस, सुरू आणि बुलबुल आले. इराणच्या बागेतली ही मंडळी फार देखणी आहेत, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण सुरूचं झाड सुकलं तर कोणत्या तलावाचा बांध फुटला, हे त्यावरून कळत नाही.

पाणी मर्सियात उरलं. मर्सियाचा गाभाच तहान आहे: समोर फुरात वाहते आहे आणि लहान मुलांना घोटभर पाणी मिळत नाही. 1871 मध्ये मीर अनीस स्वतः हैदराबादला येऊन मर्सिये वाचून गेले. पाणी अडवणारा जालीम आणि पाण्याविना तडफडणारा मजलूम, ही समज उर्दू वाचकाच्या रक्तात आहे. मात्र ती करबलाच्या मैदानाशी बांधलेली राहिली. आपल्या गावच्या पाण्याशी तिचा सांधा क्वचितच जुळला.

तेवढ्यात उत्तरेत एक सरकारी प्रयोग झाला. 1874 मध्ये लाहोरला ‘अंजुमन-ए-पंजाब’चे मुशायरे भरले. पंजाबच्या शिक्षण खात्याचे संचालक कर्नल हॉलरॉइड आणि मौलाना मुहम्मद हुसेन आझाद यांनी कवींना मिसरा देण्याऐवजी विषय द्यायला सुरुवात केली: पाऊस, हिवाळा, उमेद, देशप्रेम. हाली यांची ‘बरखा रुत’ याच काळातली. उर्दूत आधुनिक ‘निसर्गकविता’ इथून सुरू झाली असं बी.एड.च्या नोट्समध्ये आम्हीही पाठ केलं होतं. पण त्याच वर्षांत रेल्वेच्या रुळांखाली घालायला हिमालयातले देवदार तोडून त्याच पंजाबच्या नद्यांतून वाहून आणले जात होते. 1864 मध्ये सरकारने ब्रँडिस यांना जंगलांचे पहिले महानिरीक्षक नेमलं आणि 1878 च्या कायद्याने गावकऱ्यांचा जंगलावरचा हात बराचसा सोडवला. एक खातं झाडं मोजत होतं, दुसरं खातं झाडांवर कविता मागत होतं. हालींच्या हेतूबद्दल मला शंका नाही, ते फार नेक माणूस होते. पण शाळेच्या पुस्तकात आलेला पाऊस त्या दिवसापासून देखावा झाला. तो पडतो, मोर नाचतो, मुलं भिजतात. कोणाच्या बांधाला भगदाड पडलं, कोणाचा शेतसारा थकला, हे त्या कवितेत विचारायची पद्धत नाही. आजही नाही. परीक्षेत ‘कवीने वर्षा ऋतूचे सौंदर्य कसे वर्णिले आहे’ एवढाच प्रश्न येतो आणि मीच तो काढतो.

आता मुसीकडे येतो.

28 सप्टेंबर 1908. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा काळ. आदले दोन दिवस पाऊस लागून होता. शहराच्या वरच्या अंगाला शमशाबादला 24 तासांत सुमारे 13 इंच पाऊस झाला. मुसीच्या पाणलोटात तेव्हा 788 तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. पिढ्यानपिढ्या बांधलेले, एकाखाली एक असे साखळीने ओवलेले. तेलंगणाची शेती या साखळीवर उभी होती. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर जातं, मग तोही फुटतो. त्या दिवशी 221 तलाव फुटले. अफजलगंज, मुसल्लमजंग, चादरघाट असे तिन्ही पूल गेले. 1578 चा जुना पूल, पुराना पूल, तेवढा टिकला. 19,000 घरं पडली, सुमारे 80,000 माणसं बेघर झाली. मृतांचा आकडा 15,000 सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. त्याला धरून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात अजून उभं आहे आणि 28 सप्टेंबरला काही हैदराबादकर त्याच्याखाली जमतात. मीही एकदा जाऊन पाहून आलो. झाडाखाली पेशंटचे नातेवाईक डबे उघडून जेवत बसले होते.

त्या पुरात अमजद हुसेन नावाच्या एका तरुणाची आई, बायको आणि मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातला तो एकटा वाचला. पुढे अमजद हैदराबादी या नावाने तो उर्दूतला मोठा रुबाईकार झाला. 1961 मध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या सुफियाना रुबाया घराघरांत पाठ होत्या. या पुरावर त्याने जी नज्म लिहिली तिचं नाव ‘कयामत-ए-सुगरा’, म्हणजे धाकटी कयामत. उर्दूतल्या नदीचा विचार करताना मला ही नज्म वळणाची वाटते. इथे पाणी बागेतल्या कारंज्याचं नाही, फुरातचंही नाही. ते मुसीचं आहे, तारखेसकट. मर्सियाची सगळी ताकद एका माणसाच्या घरात उतरली आहे: आईचा हात कसा सुटला, मुलगी कशी गेली. शेकडो वर्षं मर्सिया दुसऱ्यांच्या घराण्याचा शोक करायला शिकवत आला होता. त्या शिकवणीमुळेच अमजदला स्वतःच्या घराण्याचा शोक करता आला, असं मी समजतो.

त्याच पुरावर दुसरा एक मजकूर लिहिला गेला. लिहिणारे एम. विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातली नोकरी नुकतीच सोडलेली. पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनीच आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, म्हणजे आपल्याला ते परके नाहीत. ते परदेशात फिरत असताना निजाम सरकारची तार गेली. 1909 मध्ये ते हैदराबादला आले आणि त्याच वर्षी त्यांनी अहवाल दिला. वर दिलेला तलावांचा हिशेब त्यांचाच. उपाय सांगितला तो असा: शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही प्रवाहांवर मोठे जलाशय बांधा, आणि शहरात नदीच्या दोन्ही काठांना भिंती घालून बागा करा.

हे दोन मजकूर शेजारी ठेवून मी बराच विचार केला. नज्मेच्या नावावरूनच कळतं की कवीने पुराकडे कयामत म्हणून पाहिलं. कयामत आणणारा अल्लाह, तिथे तलावाच्या बांधाची चौकशी कोण करणार? इंजिनिअरने चौकशी केली, इंच मोजले, बांध मोजले, पण त्याच्या रकान्यांत अमजदची मुलगी ‘मृत’ या एका शब्दात मावली. हा काही विज्ञान विरुद्ध श्रद्धा असा झगडा नाही. ज्याने एका दिवसात आई, बायको आणि मुलगी गमावली त्याने 221 तलावांचा हिशेब मांडावा अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. माझी तक्रार नंतर आलेल्यांबद्दल आहे. पुढे पन्नास-साठ वर्षं ज्यांची घरं शाबूत होती अशा किती कवींनी हे दोन मजकूर जोडून वाचले?

तसं करायची गरज वाटली नसावी, कारण उपाय चालला. 1912 मध्ये शहर सुधारणा मंडळ आलं. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर तयार झाले. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली ही कामं उभी राहिली. याच अली नवाज जंगांनी 1923 ते 1931 मध्ये मांजरेवर निजामसागर बांधला. आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरवरून जाणारी ती मांजरा. हैदराबादला पूर थांबला, नळ आले, काठावर बागा आणि हायकोर्ट-हॉस्पिटलच्या देखण्या इमारती आल्या. विकास वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्या शहराने 1908 पाहिलं त्याला उस्मानसागर म्हणजे अल्लाहची मेहरबानीच वाटली असणार.

योगायोग असा की त्याच 1908 च्या फेब्रुवारीत मेदक जिल्ह्यातल्या अंदोलला मखदूम मोहिउद्दीन जन्मले. तरक्कीपसंद चळवळीचा हैदराबादमधला सर्वांत मोठा शायर, कामगार पुढारी, तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातला माणूस. ‘सुर्ख सवेरा’ 1944 मधलं. त्यांच्या ‘चारागर’ या नज्मेत चमेलीचा मांडवा आहे, म्हणजे दखनी शब्द पुन्हा दारात आला. ‘चाँद तारों का बन’मध्ये बन आहे. पण ते बन लढ्याचं रूपक आहे, त्यातली लाकडं कोणी तोडत नाही. मखदूम, सरदार जाफरी, कैफी या पिढीचं यंत्रावर भांडण नव्हतं, यंत्राच्या मालकावर होतं. कैफींच्या ‘मकान’मध्ये इमारत बांधणारे मजूर इमारत झाल्यावर रस्त्यावर झोपतात. मुंबई पाहिलेल्या प्रत्येकाला ही नज्म लागते. कारखाना कामगाराच्या हातात आला की सगळं ठीक होईल, असा त्यांचा विश्वास होता. कारखान्याचं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न त्या विश्वासात बसत नव्हता. त्यांनी माणूस पहिल्यांदा नीट मोजला, एवढं श्रेय मी त्यांना देतो. नदी मोजायची राहिली.

ती मखदूमच्याच जिल्ह्यात राहिली, हे मला बोचतं. 1969 मध्ये मखदूम गेले. त्यानंतर काही वर्षांतच तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या पटनचेरूला औद्योगिक वसाहत उभी राहिली. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आले, मागास भागाला रोजगार मिळाला. सांडपाणी नक्कावागू ओढ्यात गेलं आणि ओढा पुढे मांजरेला मिळतो. विहिरी बिघडल्या, भातशेती गेली, जनावरं ते पाणी तोंडाला लावेनात. 1990 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. या ओढ्याचे जबाब, पंचनामे, भरपाईचे अर्ज सगळं आहे. उर्दूत त्याची ‘कयामत-ए-सुगरा’ असेल तर माझ्या पाहण्यात आलेली नाही. पुरात माणूस एका रात्रीत जातो, त्याचा मर्सिया लिहिता येतो. ओढा वीस वर्षं मरत असेल तर कोणत्या रात्री मजलिस भरवायची, ही अडचण खरी आहे. पण ती कवीने सोडवायची आहे, वकिलाने नव्हे.

खुद्द मुसीत शहराचं मैलापाणी वाहू लागलं. शहराच्या खालच्या अंगाला त्याच पाण्यावर जनावरांसाठी पॅरागवत पिकवतात, त्या गवताचं दूध शहरात परत येतं. 1996 मध्ये सरकारने 111 क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही जलाशयांभोवती 10 किलोमीटरच्या पट्ट्यात कारखाने आणि वसाहतींना बंदी घातली. 2022 मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. आता मुसीचा काठ नव्याने सजवण्याची योजना आली आहे. विश्वेश्वरय्यांच्या बागा पुन्हा एकदा. 2024 पासून काठावरच्या गरिबांच्या घरांवर खुणा पडू लागल्या, घरं पाडलीही गेली. त्यात आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत, पण केवळ आपलीच नाहीत. नदी स्वच्छ व्हावी असं त्यांनाही वाटतं. ती घाण करणारे मात्र काठावर राहत नाहीत.

हैदराबादबद्दल लातूरच्या माणसाने इतकं का बोलावं, असं कोणी म्हणेल. 1956 पर्यंत आम्ही एकाच राज्यात होतो, हे एक. दुसरं असं की आमच्याकडे पाणी नळाऐवजी रुळांवरून आलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणी रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं आणि आजूबाजूला ऊस. त्या दिवसांत मला अकबर इलाहाबादींची फार आठवण यायची. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी नळाच्या पाण्याची आणि छापखान्याच्या टाइपाची टर उडवली होती. स्वतः इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश, खान बहादूर, आणि पगार घेऊन सरकारच्या प्रगतीला चिमटे काढणारा माणूस. नळाने पटकी हटवली, तेव्हा अकबरांचा चिमटा थोडा अन्यायाचाच होता. पण विहीर सोडून नळाच्या भरवशावर गेलेलं गाव नळ कोरडा पडल्यावर काय करेल, हा त्या विनोदाखालचा प्रश्न लातूरच्या स्टेशनवर उभा होता. आमच्या मुशायऱ्यात त्या वर्षी कोणी त्यावर शेर वाचला का? वाचले. ते सगळे विनोदी होते आणि सगळे दखनीत होते.

यावर थोडं थांबायला हवं. मुहम्मद कुलीची राजभाषा आज मुशायऱ्यात बारा वाजल्यानंतर, लोक पेंगायला लागले की हसवण्यासाठी बोलावली जाते. गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीबांसारख्या कवीने ‘केवडे का बन’मध्ये दखनीतून हसवता हसवता रडवलं. तरी संयोजकांच्या यादीत ती ‘मिजाहिया’ याच सदरात राहिली. गंभीर दुःखासाठी शुद्ध उर्दू, आणि पाण्याची भांडणं, टँकर, सासू-सून यांसाठी दखनी, अशी वाटणी आम्ही करून टाकली. ज्या जबानीत मिरग, बावडी, झिरा, कट्टा हे शब्द जिवंत होते, तिला रडायची परवानगीच ठेवली नाही. मार्गदर्शकांच्या टोमण्याला माझं उत्तर एवढंच आहे: उर्दूला नदी ठाऊक नव्हती असं नाही. नदी ठाऊक असलेली उर्दू आम्ही मागच्या रांगेत बसवली.

या वर्षी नववीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम दिलं होतं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून पाण्याचे दखनी शब्द लिहून आणायचे, आणि त्या शब्दाची वस्तू गावात कुठे आहे ते दाखवायचं. साठेक शब्द आले. मराठीच्या तासाला तेच शब्द फळ्यावर लिहिले तर निम्म्याहून जास्त शब्दांना मराठी विद्यार्थ्यांनीही हात वर केले. कागदावरचा दुसरा रकाना मात्र बऱ्याच ठिकाणी रिकामा होता. एका मुलाने बावडीसमोर किराणा दुकानाचं नाव लिहिलं होतं, कारण बावडी आता त्या दुकानाखाली आहे. हैदराबादचं ‘मासाब टँक’ही असंच, मूळ ‘तालाब-ए-माँसाहेबा’. बसचा थांबा आहे, तलाव नाही. पुढच्या महिन्यात या साठ शब्दांतून मुलांना नज्मा लिहायला सांगणार आहे, आणि सौंदर्याचा प्रश्न त्यात विचारणार नाही.